दुसरा मंगळवार

आमच्या घरी महिन्यातला दुसरा मंगळवार मोठा कडक समजला जातो. त्या दिवशी मी उपास करीत नाही, की गणपतीच्या देवळातही जात नाही. पण रात्रीचे साडेदहा वाजले, की मी टेबलाशी जाऊन बसतो, घरात कोणाशी फारसे बोलत नाही, आणि बुधवारी सकाळी समोरच्या चहावर साय धरली तरी मला तिचा पत्ता नसतो. अशाच एका मंगळवारी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मी मान वर करून पाहिले नाही, तेव्हा त्या जरा खट्टू झाल्या असाव्यात. आमच्या सौभाग्यवतीने सारवासारव केली, "यांचा मंगळवार असतो हो आज."

काकूंचा चेहरा एकदम पालटला. "असं होय! किती वर्षं करताहेत?"

"झाली की वीसेक."

"मग उद्यापन केव्हा?"

"याला उद्यापनच नाही," सौभाग्यवती म्हणाली. आणि तिच्या आवाजात व्रतस्थाच्या पत्नीचा अभिमान होता की वैताग, हे मला अजून उमगलेले नाही.

व्रत म्हटले की कहाणी आली, आणि कहाणी म्हटली की आटपाट नगर आले. आमचे आटपाट नगर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे, सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंड गावी आहे. तिथे मायक्रोसॉफ्ट कंपनी राहते. जगातल्या बहुतेक कचेऱ्यांतले संगणक जिच्या विंडोजवर चालतात, ती ही कंपनी. आपल्या मालात कुठे फट राहून गेली आहे, कुठून चोर आत शिरेल, याचा शोध तिथली माणसे आणि बाहेरचे जाणकार सतत घेत असतात. सापडलेली फट बुजवण्यासाठी दुरुस्तीचा एक लहानसा तुकडा तयार करतात. त्याला पॅच म्हणतात. आपल्याकडे त्याला ठिगळ हा अगदी चपखल शब्द आहे. पूर्वी ही ठिगळे वाटेल त्या दिवशी येत. ऑक्टोबर २००३ पासून कंपनीने वार ठरवून टाकला : दर महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळी दहाचा सुमार. तिथे सकाळचे दहा होतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. थंडीच्या दिवसांत तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि माझी झोपही तेवढीच पुढे जाते.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात संगणकखात्यात आहे. तिथे मोटारींचे सुटे भाग तयार होतात, आणि त्या कामापायी सव्वासहाशे संगणक चालतात. त्यांवर कोणता प्रोग्रॅम बसवायचा, कोणता काढायचा, कोणते ठिगळ कोणाला कधी लावायचे, हे पाहणे माझ्याकडे आहे. पण हे चारचौघांना सांगायचे म्हणजे पंचाईत. डॉक्टर माणसे बरी करतो, मास्तर शिकवतो. मी काय करतो? "संगणकाचं काहीतरी," एवढेच आमचे नातेवाईक सांगू शकतात. परिणामी दर दिवाळीला कोणी ना कोणी आपला बिघडलेला प्रिंटर माझ्यापुढे आणून ठेवतो. प्रिंटर मला दुरुस्त करता येत नाही हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत जी कीव दाटून येते, ती पाहवत नाही.

शेवटी एकदा माझ्या आईनेच विचारले, "तू तिथे दिवसभर करतोस तरी काय?" मी थोडा विचार केला आणि म्हटले, "आई, मी कल्हईवाला आहे." तिला ते ताबडतोब पटले.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी वाड्यात कल्हईवाला येई. अंगणात खड्डा करून त्यात कोळसे पेटवी आणि पोराला भाता मारायला बसवी. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठे, मग कथिलाचा तुकडा फिरे, कापसाचा बोळा एकदा गरकन फिरला की पातेल्याच्या पोटात चांदणे पडे. आम्ही मुले ती जादू पाहत धूर खात उभे राहू. पण आजीला त्या चांदण्याचे कौतुक नव्हते. तिला ठाऊक होते, की पितळेचे पातेले बाहेरून कितीही झळझळीत दिसले तरी आतली कल्हई उडाली असेल, तर त्यात ठेवलेले ताक कळकते आणि ते पिणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते. चिंचेने घासून येते ती नुसती शोभा, कल्हई हे रक्षण. पाहुण्याला शोभा दिसते, कल्हई दिसत नाही. कल्हई केलेल्या भांड्यातले ताक पिऊन "वा, आज पोट दुखले नाही" असे कधी कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

माझ्या धंद्याचे सारे दुःख या एका वाक्यात आहे.

आजीची आणखी एक रीत होती. नवा कल्हईवाला दारात आला, की ती सगळी भांडी त्याच्यापुढे मांडीत नसे. आधी एक जुनी वाटी देई. ती करून आली की नखाने खरवडून पाही, तिच्यात आंबट ताक घालून रात्रभर ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी घंगाळ, तपेली, पातेली बाहेर निघत. पुढे मी नोकरीला लागलो तेव्हा एका जाडजूड पुस्तकात वाचले, की कोणतीही नवी दुरुस्ती आधी मोजक्या संगणकांवर चालवून पाहावी, दोनचार दिवस वाट पाहावी, मग थोड्या अधिकांवर आणि शेवटी सगळ्यांवर. मला हसू आले. आजीच्या वाटीला या लोकांनी केवढे मोठे नाव दिले होते!

तेव्हा काम तसे सोपे आहे, असे कोणालाही वाटेल. मधला एक संगणक तिकडून आलेले ठिगळ उतरवून घेतो, मी त्याला होकार देतो, आणि ते रातोरात ज्याच्या त्याच्या संगणकावर जाऊन बसते. पण वाटीची रीत आणि चोराची रीत यांचे पटत नाही, तिथे खरी मेख आहे. समजा, एकाच गवंड्याने गावातली सगळी घरे बांधली आणि प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीत एकाच जागी भोक राहिले. उद्या त्याने एका घरचे भोक बुजवले, तर तिथला ओला गिलावा पाहून चोराला काय कळेल? बाकीच्या घरांत नेमके कुठे खणायचे, ते! ठिगळाचेही तसेच आहे. मंगळवारी ते जगजाहीर होते, आणि बुधवारपासून चोर ते उलगडून पाहू लागतात. म्हणजे ठिगळ लवकर लावावे तर ते नीट पारखलेले नसते; पारखत बसावे तर चोराला सवड मिळते. या दोहोंमध्ये किती दिवस थांबायचे, हा सगळा माझा हुन्नर. पंचांगात त्याचा मुहूर्त नाही.

त्यातून माणसे आहेत. संगणकाचे एक वेळ भागते, माणसांचे भागत नाही. ठिगळ बसले तरी बहुधा संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, कारण चालत्या गाडीचे चाक बदलता येत नाही. आणि आपला संगणक बंद करणे ही गोष्ट कचेरीतल्या माणसाला घर बदलण्याइतकी जड जाते. आमच्या खरेदीखात्यातल्या एका साहेबांच्या पडद्यावर एका वेळी चाळीस-पन्नास कागद उघडे असतात. ते बंद करा म्हटले, की "अहो, माझा संसार आहे तो!" असे ते कळवळून म्हणतात. पडद्यावर सूचना येते : आता, की नंतर? माणसाचे बोट आपोआप 'नंतर'कडे जाते. मी कोणाला नावे ठेवीत नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचे असले, की माझेही बोट तिकडेच जाते.

शिवाय आपल्याकडे भांडी किती, हेच मुळात धड ठाऊक नसते. कागदावर सव्वासहाशे, प्रत्यक्ष मोजायला निघालो तर गोदामात एका पोत्याखाली एक संगणक सुखाने गुणगुणत असलेला सापडला. तो कोणाचा, कशासाठी, केव्हापासून, कोणी सांगेना. आणि बंद करू का म्हणताच तिघे धावत आले, की नको, त्यावर काहीतरी चालते! दुसरा एक यंत्रशाळेत आहे. एका जुन्या यंत्राशी त्याची लग्नगाठ पडली आहे आणि तो विंडोज एक्सपीवाचून दुसरे काही जाणत नाही. एक्सपीला नेहमीची ठिगळे मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. यंत्र तर उत्तम चालते. ते मोडीत कसे काढणार? म्हणून मी त्या संगणकाला सोवळ्यात ठेवले आहे. इंटरनेट नाही, इतर संगणकांशी शिवाशीव नाही, कोणी खिशातली पेनड्राइव्ह त्याला लावायची नाही. कल्हई होत नसेल तर निदान त्या भांड्यात ताक ठेवू नये, एवढे तरी आपल्या हाती असते.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. इतका वेळ मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारीत होतो, त्याचे कारण ती सांगायला मन धजत नव्हते, हेच आहे.

आमच्या हिशेबखात्यात एक ज्येष्ठ गृहस्थ होते. सारा कारखाना त्यांना अण्णा म्हणे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेने, आणि एक पैशाची तफावत निघाली तर रात्री आठपर्यंत बसून ती शोधणारा माणूस. मार्च २०१७ मध्ये दुसरा मंगळवार १४ तारखेला आला. त्या दिवशीच्या ठिगळांत एक मोठे निकडीचे होते. एका संगणकाने दुसऱ्याशी फायलींची देवघेव करायची जी जुनी वाट विंडोजमध्ये आहे, तिच्यातली फट ते बुजवीत होते. मी रीतीप्रमाणे आधी वाटी पाहिली, मग एकेक खाते घेत चाललो. हिशेबखात्याची पाळी आली, तेव्हा अण्णा स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"हे बघ, मार्चअखेर आहे. ३१ तारखेपर्यंत माझ्या सत्तावीस संगणकांना हात लावू नकोस. एखादा जरी रुसला तरी माझं वर्ष वाया जाईल."

"बरं अण्णा. एप्रिलमध्ये करू."

एप्रिल उजाडला. तेव्हा लेखापरीक्षक येऊन बसले होते. अण्णा म्हणाले, "हे जाऊ देत." मी म्हटले, "जाऊ देत." मग माझ्या मेव्हण्याचे लग्न निघाले, मी आठ दिवस गावी गेलो, परत आलो तो दुसऱ्याच कामांचा ढीग. खरे सांगायचे तर मी विसरलो. यादीत त्या सत्तावीस संगणकांपुढे लाल खूण होती. रोज ती दिसे, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीचे जे होते तेच झाले. ती दिसेनाशी झाली.

१३ मे २०१७. शनिवार होता. मी आमरस खायला बसलो होतो आणि दूरदर्शन संचावर बातम्या लागल्या होत्या. आदल्या दिवसापासून जगभर संगणकांवर एक साथ पसरली होती. संगणकातले कागद कुलुपात जात, आणि पडद्यावर तीनशे डॉलर खंडणीची मागणी झळके. तिचे नाव वॉनाक्राय. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांतून रुग्ण परत पाठवले जात होते. शिरण्याची वाट कोणती, तर तीच, फायलींच्या देवघेवीची! ती फट अमेरिकेच्या एका सरकारी हेरखात्याने आधीच हेरून तिच्यासाठी हत्यार घडवले होते. ते चोरीला गेले आणि १४ एप्रिलला जगासमोर उघडे पडले. ठिगळ येऊन तेव्हा महिना झाला होता, आणि त्या शनिवारी साठ दिवस.

माझ्या घशात आमरस अडकला. डोळ्यांपुढे लाल खुणा उभ्या राहिल्या. सत्तावीस.

घरी काहीबाही कारण सांगून मी स्कूटर काढली. दुसरा शनिवार असल्याने हिशेबखाते बंद होते. पहारेकऱ्याने कुलूप काढून दिले. आत पंखे बंद, खिडक्या बंद, मे महिन्याची ती दुपार. मी एकेक संगणक चालू करीत, त्याला ठिगळ लावीत, बंद करून पुन्हा चालू करीत चाललो. प्रत्येक पडदा उजळेपर्यंतचे ते अर्धे मिनिट! उजळला म्हणजे काय दिसेल, या भीतीने माझा हात चक्क थरथरत होता. या सत्तावीस डब्यांत आठशे माणसांचे पगार, फंड, कोणाची कर्जाऊ रक्कम, कोणाची ग्रॅच्युइटी होती. त्या माणसांना माझे नावही ठाऊक नव्हते. अण्णांचा संगणक तेवढा शुक्रवारपासून चालूच राहिला होता. तो मी सर्वांत शेवटी हाती घेतला. धीर होईना म्हणून.

काहीही झालेले नव्हते. एकही संगणक बाधला नव्हता. संध्याकाळी सात वाजता मी अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाली ती लाज. मी वाचलो होतो, तो माझ्या कर्तबगारीने नव्हे. चोर आमच्या गल्लीत आला नाही, एवढेच.

ज्यांच्या गल्लीत तो आला, त्यांचे काय झाले हे पुढे मी मुद्दाम वाचून काढले. दीडशे देशांत मिळून दोन लाखांहून अधिक संगणक बाधले होते. इंग्लंडच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरात अहवाल दिला. त्यात आहे, की तिथल्या २३६ इस्पितळ-संस्थांपैकी किमान ८१ संस्थांच्या कामाला याची झळ लागली, आणि रुग्णांना दिलेल्या ६,९१२ भेटी रद्द झाल्याची नोंद सापडली. प्रत्यक्षातला आकडा १९,००० च्या वर असावा. एका तरुण संशोधकाने सुमारे दहा डॉलर भरून एक विचित्र पत्ता आपल्या नावे नोंदवला आणि त्यामुळे साथीचा पहिला जोर मोडला, नाहीतर आकडा कुठे गेला असता! त्या इस्पितळांतही कोणीतरी माझ्यासारखाच असणार. त्यालाही कोणीतरी म्हटले असणार, "आत्ता नको, गर्दी आहे." आणि ते खोटे नसणार. इस्पितळात गर्दी असतेच. मार्चअखेरही दर वर्षी असतोच.

पश्चात्तापाने माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी ठरवले, की यापुढे येईल ते ठिगळ त्याच रात्री, सगळ्यांना! माझा हा बाणा दीड महिना टिकला. २७ जून २०१७ रोजी, तोही मंगळवारच, युक्रेनमध्ये दुसरी साथ उठली. नॉटपेट्या म्हणतात तिला. तिने पहिले घर गाठले ते कसे, तर हिशेबाच्या एका लोकप्रिय प्रोग्रॅमच्या अपडेटमधून! कंपनीच्या घरात चोर शिरून बसले होते आणि त्यांनी दुरुस्तीच्या पुडीतच विष बांधून दिले. ज्यांनी आज्ञाधारकपणे ते बसवून घेतले, तेच आधी बुडाले. तिथून ती साथ सागरी वाहतुकीच्या मर्स्क कंपनीत शिरली, आणि तिच्या गटाचे आपल्या न्हावा शेवा बंदरातले टर्मिनलही ठप्प झाले. मर्स्कला दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. तिच्या साऱ्या संगणकांची ओळखपाळख ज्या नोंदवह्यांत होती, त्यांच्या जगभरच्या प्रती पुसल्या गेल्या. एक तेवढी घाना देशात वाचली, कारण ऐन वेळी तिथली वीज गेली होती. वीज मंडळाला शिव्या घालताना मी तेव्हापासून जरा हात राखून असतो.

मग मी आजीच्या वाटीकडे परत आलो. वाटी पाहायची, पण वाटी पाहिली म्हणून महिनाभर बसून राहायचे नाही. कोणी "आत्ता नको" म्हटले, तर त्याच्याकडूनच तारीख घ्यायची, लिहून घ्यायची, आणि त्या तारखेला त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे. माझे सारे शहाणपण एवढ्यात संपते. ते मिळायला मला त्या खोलीत एक दुपार काढावी लागली.

अण्णा २०१९ मध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात नारळ, शाल, सामोसे सगळे यथासांग झाले. अण्णा बोलायला उभे राहिले, चार जणांचे आभार मानले आणि एकदम माझ्याकडे बोट केले. "हा आमचा संगणकवाला. याच्यासारखा समंजस माणूस मी पाहिला नाही. माझ्या संगणकाला यानं माझ्या सोयीशिवाय कधी हात लावला नाही." टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची चारचौघांत झालेली ही एकुलती एक स्तुती, आणि ती नेमकी माझ्या पापाची! मी मान खाली घालून हसलो. लोकांना तो विनय वाटला.

पुढे १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आला. क्राउडस्ट्राइक या संगणकांना राखण पुरवणाऱ्या कंपनीने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभरच्या गिऱ्हाइकांकडे एक लहानशी फाइल धाडली. राखणदार वीस खणांचे तबक घेऊन बसलेला, आणि फाइलमध्ये हिशेब एकवीस खणांचा, एवढीच चूक. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत ती फाइल परत घेतली, तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळे पडून मान टाकून बसले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. वाटी न पाहता घंगाळ चुलीवर ठेवले की असे होते. आमच्याकडे त्या कंपनीचा माल नव्हता, म्हणून आम्ही पुन्हा वाचलो. याही खेपेस शहाणपणाने नव्हे. त्या रात्री मला अण्णांची फार आठवण झाली. माणसाने दोनदा फुकटात वाचावे आणि एकदाही कबुली देऊ नये, हे काही बरे नाही, असे वाटले. तरीही वर्ष गेलेच. माझेही बोट 'नंतर'वर होते.

२०२५ साली दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, १४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी, विंडोज १० ला नेहमीची मोफत ठिगळे मिळणे थांबले. त्याच्या आधी कारखान्यातले सगळे जुने संगणक नव्या विंडोजवर न्यायचे किंवा बदलायचे, या धांदलीत माझे सहा महिने गेले होते. मोडीत निघालेल्या संगणकांच्या यादीत अण्णांच्या टेबलावरचाही होता. तो उचलून बाजूला ठेवताना मी मनाशी ठरवले, आणि पाडव्याच्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

वहिनींनी फराळाचे ताट पुढे ठेवले. मी चकली हातात धरून सगळी हकिकत सांगितली. मार्चअखेर, लाल खुणा, तो शनिवार. अण्णा शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "माझा संगणक मी शुक्रवारी चालू ठेवून गेलो होतो. मोठा तक्ता अर्धवट राहिला होता ना! सोमवारी येऊन बघतो तर तक्ता बंद, आणि पेपरवेट डावीकडचा उजवीकडे. पहारेकऱ्याला विचारलं तेव्हा कळलं, तू येऊन गेलास."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारायचं काय? पेपरात बातमी वाचली होती मी. दोन अधिक दोन करायला मी हिशेबखात्यातच होतो." ते थोडा वेळ गप्प बसले. "आणि तफावत तुझ्या एकट्याच्या खात्यात नव्हती. हात लावू नकोस, असं सांगणारा मीच होतो. समारंभात तेच बोलायचं मनात होतं, पण शाल अंगावर पडल्यावर माणूस खरं कुठं बोलतो?"

आम्ही दोघेही हसलो. आठ वर्षांची बाकी एका चकलीवर मिटली.

उठता उठता अण्णांना काहीतरी आठवले. आतून आपला घरचा लॅपटॉप घेऊन आले. "जरा बघ रे, हल्ली फार हळू चालतो." मी उघडला. कोपऱ्यात सूचना होती. बंद करून पुन्हा चालू करा; आता, की नंतर? तारीख पाहिली तर ऑगस्टपासून ती तिथे ताटकळत उभी होती.

"राहू दे आत्ता," अण्णा म्हणाले, "ऐन दिवाळीत कशाला? नातवाचे फोटो आहेत त्यात. पुढच्या महिन्यात बघू."

मी फोटोंची एक प्रत काढून घेतली, चकली खाली ठेवली, आणि 'आता'वर बोट दाबले. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरू लागले. वहिनींनी पुन्हा चहा टाकला. अण्णा चष्मा पुढे ओढून त्या ठिपक्यांकडे टक लावून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी मीही.